भाकरी खाणारं यंत्र

एका जंगलात, जिथं वाघ क्वचित यायचा आणि फेरीवाला रोज, सशांचं एक गाव होतं. हे ससे ज्वारी पिकवायचे. नाक मुरडू नका मुलांनो, तुमच्यापेक्षा चांगली पिकवायचे.

कणसं भरली की पाखरं यायची. मग जो तो ससा आपल्या शेतातल्या उंच माळ्यावर चढायचा, गोफण फिरवून दगड सोडायचा आणि ओरडायचा. सगळ्यांत मोठा आवाज तुळशाचा. तो 'हाऽऽ' म्हणाला की भोरड्यांचा थवा थेट पुढच्या जंगलात जाऊन उतरायचा.

दुपारी तोच आवाज घराकडे वळायचा. "चिंध्या, भाकरी आण. आणि वाटेत कोर खाऊ नकोस."

चिंधू त्याचा धाकटा भाऊ. तो भाकरी न्यायचा, आणि वाटेत कोर खायचाच.

यंदा पोळा झाला आणि तुळशा तापानं गेला.

चिंधू एकटाच माळ्यावर चढला. भावाची गोफण हातात घेतली, तोंड उघडलं. घशातून नुसतं 'कुई' झालं.

"हा हाकलतोय की खोकतोय?" एका भोरडीनं विचारलं.

"असू दे गं, नवीन आहे," दुसरी म्हणाली आणि कणसावर बसली.

अशा वेळी हिरवेशेठ आले. हिरवेशेठ म्हणजे पोपट. गळ्यात लाल पट्टी, डोक्यावर टोपी, मागे मालानं भरलेली गाडी. गाडीत काय नव्हतं? शेपूट लांब करायचं तेल होतं. कान आखूड करायचं मलम होतं. वाघाचा विमा होता. वाघानं खाल्लं की स्वतः येऊन भरपाई घेऊन जायची. चहाच्या पुड्या तर फुकट. गावानं त्या कोरड्याच खाल्ल्या आणि सगळं गाव उजाडेपर्यंत उड्या मारत बसलं.

येसूकाकीनं तेल आणि मलम दोन्ही घेतलं, आणि घाईत तेल कानांना चोळलं, मलम शेपटीला. कान जमिनीवर लोळायला लागले. शेपूट शोधावी लागली. पण दोन्ही औषधं गुणकारी आहेत याची गावाला खात्री पटली.

मग हिरवेशेठनी लाकडी पेट्या उतरवल्या. प्रत्येक पेटीला एक कर्णा, बाजूला चावी.

"राखणदार यंत्र," ते म्हणाले. "चावी फिरवा आणि झोपा. ओरडायचं काम यंत्राचं."

"आणि किंमत?"

"छे छे, घरच्याच माणसांकडून किंमत? जुनी गोफण द्या, नवं यंत्र न्या."

मुलांनो, पोपट कणसं खातात आणि गोफणीला भितात, हे कुठलंही शेंबडं पोर सांगू शकलं असतं. पण शेंबडी पोरं तेव्हा चहाच्या रांगेत होती.

चिंधूनं गोफण छातीशी धरली. तुळशानं अंबाडीच्या वाखाची ती स्वतः विणली होती. "हे कुणाच्या आवाजात ओरडतं?" त्यानं विचारलं.

"कुणाच्या हवं?"

चिंधूनं नाव सांगितलं. आणि शेठ हो म्हणायच्या आत गोफण देऊनही टाकली.

शेतात नेऊन त्यानं चावी फिरवली आणि माळ्यावर चढला. कर्ण्यातून आवाज आला, 'हाऽऽ'. भोरड्या उडाल्या. चिंधू माळ्यावरून खाली पडला.

दुपारी चावी न फिरवताच यंत्र बोललं. "चिंध्या, भाकरी आण. आणि वाटेत कोर खाऊ नकोस."

चिंधू धावत सुटला. भाकरी आणली, कोर खाल्लेली, आणि कर्ण्यापुढं ठेवली. हात धुऊन येतो तर फडकं रिकामं.

यंत्र भाकरी खातं, हे त्याला जरा खटकलं. त्यानं झाकण उचललं. आत एक गुबगुबीत पोपट बसला होता, चोचीला भाकरीचा चुरा.

"शेठमामांनी नुसतं 'हाऽऽ' म्हणायला सांगितलंय," पोपट म्हणाला. "पण भूक लागली. बांधावरच्या बाभळीवरून रोज ऐकायचो ना मी." मग त्यानं पंख वर केला. खाली वण होता. "हा तुझ्या भावाचा दगड. नेम फार चांगला."

चिंधूनं तो वण बोटानं चाचपला. बराच वेळ चाचपला. मग झाकण लावून टाकलं.

इकडे पाखरांच्या ध्यानात आलं की यंदा आवाजामागून दगड येत नाही. झालं. यंत्रं ओरडत राहिली, पाखरं ताल धरून खात राहिली. गावानं चिडून पेट्या फोडल्या, तसे पोपट भुर्रकन उडाले. येसूकाकीचा पोपट तर तिच्याच आवाजात काकांना झापत गेला. काका सवयीनं उठून उभे राहिले.

एकच पेटी उरली होती. काठ्या घेऊन सगळं गाव चिंधूच्या शेतावर आलं, पुढं येसूकाकी, दोन्ही कान खांद्यावर टाकून. चिंधू झाकणावर बसला होता.

"ऊठ. आत पोपट आहे."

"आत यंत्र आहे, काकी."

"येडा का खुळा तू? शेत संपलं तुझं. ऊठ म्हणते ना."

तेवढ्यात पेटीतून तुळशाचा आवाज आला. "काकी, उन्हाची आलीस, बस जरा. चिंध्या, काकीला पाणी दे."

काठ्या खाली आल्या. काकी बसली. चिंधूनं पाणी दिलं, ते पिऊन तिनं कानाच्या टोकानं डोळे पुसले. मग ती कर्ण्याकडे सरकली.

"तुळशा," ती हळूच म्हणाली, "गेल्या सुगीला माझा विळा नेलास, तो कुठं ठेवलास रे?"

पेटीत जरा खुडबुड झाली.

"आठवत नाही, काकी."

"तोच आहे," काकी गावाकडे वळून म्हणाली. "त्याला कधी काय आठवलंय?"

तात्पर्य: मुलांनो, फेरीवाल्याचा माल घेताना झाकण उघडून आत नीट बघावं. आत काय आहे ते कळलं, की झाकण हळूच परत लावावं.