अठरा कलमांची यादी

यादीवरील बरोबरच्या खुणा आदल्या दिवशीच करून ठेवाव्यात, हा निर्णय नानांनी शनिवारी दुपारी घेतला आणि त्यामागे भक्कम कारण होते. किनाऱ्यावर हात ओले असतात, ओल्या हातांनी कागद धरला की शाई फुटते. आणि शाई फुटलेला कागद नानांनी कचेरीच्या दफ्तरखान्यात एकतीस वर्षे खपवून घेतला नव्हता.

नानांची नाव म्हणजे दोन लांबट पोकळ पोटे, त्यांना जोडणारी जाळी आणि वर एक शीड. निवृत्तीनंतर त्यांनी ती जुनी विकत घेतली आणि तिच्या निगेविषयीचे पुस्तक तीन वेळा वाचले. (चालविण्याविषयीचे अद्याप वाचावयाचे होते.) त्यातून अठरा कलमांची यादी सिद्ध झाली. कलम सातवे होते, 'बुचे बसविणे'. प्रत्येक पोटाच्या मागच्या टोकाला एक भोक असते. नाव किनाऱ्यावर असताना त्याचे बूच काढावे, म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाते. नाव पाण्यात लोटण्यापूर्वी ते न विसरता बसवावे.

शनिवारी सकाळी नाव धुऊन नानांनी दोन्ही बुचे काढली. हरवू नयेत म्हणून खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी जेवणाच्या पिशवीत टाकली. मग घरी येऊन, पंख्याखाली बसून, अठराही कलमांपुढे लाल शाईने सुबक खुणा केल्या.

रविवार साधा नव्हता. नाव विकून टाकावी, असे पत्नीचे वर्षभराचे म्हणणे होते. शेवटी तिच्या थोरल्या भावाने निकाल द्यावा, असे ठरले. मेहुण्यांचे आयुष्य मोठमोठ्या बोटींच्या इंजिनखोलीत गेले होते. ते एक फेरी मारणार होते. त्यांनी मान डोलावली तर नाव राहणार, नाहीतर गिऱ्हाईक पाहायचे.

किनाऱ्यावर नानांनी यादी काढली, लाल खुणांवरून समाधानाने नजर फिरवली आणि मेहुण्यांना व पत्नीला जाळीवर बसवून नाव पाण्यात लोटली. वारा बेताचा होता. किनाऱ्यापासून पन्नास पावले जाईतो त्यांनी मेहुण्यांना पहिली चार कलमे समजावून सांगितली. पाचव्याला मेहुण्यांनी विचारले, की नावेची मागची बाजू मघापासून खाली का जाते आहे. नानांनी ते वाऱ्यावर ढकलले.

"नाना, माझे मोजे भिजले."

नानांनी यादी पुढे केली. सातवे कलम, लाल खूण.

"यादीत बसवलीत," मेहुणे म्हणाले. "नावेत बसवलीत का?"

एकतीस वर्षांत आपली खूण कधी खोटी ठरली नाही, असे नाना अत्यंत शुद्ध भाषेत सांगू लागले. तेवढ्यात मेहुण्यांना खोकल्याची उबळ आली. पत्नीने तत्परतेने पिशवीतली डबी काढली, उघडली आणि ती क्षणभर आत पाहत राहिली.

"दादा, यातली गोळी तुला गिळवायची नाही."

तिघेही कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तुडुंब भरलेली नाव ढकलत किनाऱ्याला आणली. (बुचे तेव्हा बसवली असती, तर आतले पाणी आतच राहिले असते. हे मात्र नानांच्या अचूक ध्यानात होते.)

दोन्ही भोकांतून पाण्याच्या दोन धारा तासभर वाहत होत्या. त्या पाहत तिघांनी वाळूत बसून डबे संपवले. ऊन सुखाचे होते. नाना मात्र नावेकडे, निरोप द्यायला आल्यासारखे पाहत होते.

हात पुसून मेहुणे उठले, नावेला एक प्रदक्षिणा घालून आले.

"पोटात एवढं पाणी घेऊनही हिनं आपल्याला उलटं केलं नाही. गुणाची आहे. विकू नका."

मालकाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. नानांनी तेवढ्यावर समाधान मानले. पत्नीनेही मान डोलावली, पण जरा विचार करून.

पुढच्या शनिवारी नानांनी मोठ्या मनाने यादीची फाईल उघडली. अनुभवातून एकोणिसावे कलम जोडायचे त्यांनी ठरवले होते. पण ती जागा रिकामी नव्हती. तेथे पत्नीच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते, '१९. यादी घरी ठेवून बायकोला बरोबर नेणे.'

पुढे लाल खूणही होती. नानांनी तिच्यावरून बोट फिरवून पाहिले. शाई केव्हाच वाळलेली होती.