देवाला न चालणारी फुलं

"बघच तू शोभा! पोरीच्या हळदीला आपला अंगन असा फुलवतो, का पनवेलचे लॉनवाले धंदा बंद करून आपल्याकडं शिकायला येतील!"

बुधाजी शेठांनी ही घोषणा बशीतला चहा फुंकत केली. शोभानं भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, "फुलल हो, पन ऱ्हाईल का?"

प्रश्न वर्मी लागला. खडी-रेतीचा धंदा आटोपल्यापासून रोडपालीच्या गावठाणात बुधाजी शेठांना एकच नाद होता, बागेचा. अंगणात जास्वंद होती, तगर होती, सोनचाफा होता. पण स्वतःच्या झाडावर उमललेलं फूल त्यांनी उजेडात कधी पाहिलंच नव्हतं! पहाटे गल्लीतल्या बायका पिशव्या आणि आकड्याच्या काठ्या घेऊन निघत. बुधाजी शेठ डोळे चोळत बाहेर येईपर्यंत झाडं न्हाव्याकडून उठल्यासारखी मोकळी झालेली असत.

या पलटणीची सेनापती होती भिंतीपलीकडची सखूबाई. वय सत्तरीच्या पुढं, पण काठी सोनचाफ्याच्या शेंड्याला बरोबर पोचायची. ती बुधाजींच्या आईची मैत्रीण, म्हणून हे तिला मावशी म्हणत आणि ती यांना, मिशा पांढऱ्या झाल्या तरी, बुध्या म्हणे. एकदा रंगेहाथ सापडली तर उलट तीच कडाडली, "देवाला नेतंय रे! माझ्या घरान खायाला नाय नेत!"

आता देवाचं नाव आल्यावर माणूस बोलणार काय? त्यात सखूबाई गावची धवलारीण. हळदीची, लग्नाची गाणी तिच्या तोंडून निघाल्याशिवाय गल्लीत एका नवरीला कधी हळद लागली नव्हती. तिला दुखवणं म्हणजे आपल्याच मांडवाचा खांब काढणं.

आणि समीक्षानं तर बापाकडे एवढंच मागितलं होतं, "पप्पा, हॉल नको, लॉन नको. माझी हळद आपल्या अंगणात करा, फुलांच्या मधे." एकुलती एक पोर. महिन्याभरात चिरनेरला सासरी जाणार. बुधाजी शेठांनी तिथल्या तिथं मान डोलावली होती.

तर हळदीला फुलं टिकवायची कशी? तीन दिवस डोकं खाजवल्यावर शेठांना ती जगावेगळी कल्पना सुचली. बायका फुलं नेतात देवासाठी. मग देवाला चालतच नाहीत अशी फुलं लावली तर? शेठ स्वतःच्याच अकलेवर इतके खूश झाले की एकटेच हसत सुटले!

लगेच टेम्पो काढून ते पळस्प्याजवळच्या मालूच्या नर्सरीत हजर झाले.

"मालूबाय, मना अशी झाडां दाखव, ज्याचा फूल कनच्याच देवाला चालत नाय!"

मालूच्या हातातली पाण्याची नळी तिच्याच पायावर सुटली. "काय बोल्लांव शेट?"

"ही जास्वंद?"

"ती गनपतीची."

"नको! ती पांढरी कण्हेर?"

"शंकराला वाहतात."

"नको, नको! मोगरा?"

"देवीच्या वेनीला."

"ही रुई तरी?"

"मारुतीची! शेट, तुमचा नेमका कनच्या देवाशी भांडन झालाय?"

"भांडन देवाशी नाय गं, बायकांशी! असा झाड दे, का पहाटे अंधारात एखाद्या बाईनं हात लावला, तर जन्मात परत हात लावनार नाय!"

मालू दोन पावलं मागं सरली आणि लांबूनच बोट दाखवायला सुरुवात केली. काट्यांनी भरलेली, डोक्याएवढी वाढलेली बोगनवेल. पिवळ्या घंटांचा टेकोमा. लालभडक कर्दळीच्या कळ्या धरलेल्या कुंड्या. कोपऱ्यात एक शेंदरी तुऱ्यांचं झाड होतं.

"याचा नाव काय?"

"शंकासुर."

"असुर? वा! दोन दे!" शेठ टाळी वाजवून म्हणाले. "आनि उद्याच लावतो सगळी."

"उद्या अवस हाय शेट!"

"मग तर झ्याकच! अवसंला कोन बघायला येत नाय!"

मालू ही सखूबाईची सख्खी भाची. टेम्पो कळंबोलीच्या सिग्नलला पोचायच्या आत बातमी फोनवरून रोडपालीला पोचली होती. बुध्यानं देव सोडले, आणि अवसेला काहीतरी लावणार आहे!

दुसऱ्या दिवशी सखूबाईनं भिंतीला शिडी लावली. पलीकडचं दृश्य पाहून तिनं शिडी घट्ट धरली. भर दुपारी बुधाजी उघड्या अंगानं खड्डे खणत होते. प्रत्येक खड्ड्यात एका गोणीतून पांढरी पूड टाकत होते.

"काय रं त्या गोनीन?" सखूबाईनं धीर करून विचारलं.

"हाडांचा चुरा, मावशी!" शेठ अभिमानानं ओरडले. "याच्याशिवाय काम होत नाय!"

खत हो ते, साधं खत! पण ते शिडीवरच्या बाईला कोण सांगणार? वर शेठांनी वाळवी लागू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांना गेरूचे लालभडक पट्टे ओढले, आणि वाकलेल्या शंकासुराला काळ्या दोरीनं बांबूला बांधलं. सखूबाई चार पायऱ्या एकदम उतरली, आणि खाली येताना तिचा पाय मुरगळला.

"हात पन नाय लावला गो!" ती संध्याकाळी पाय शेकत बायकांना सांगत होती. "नुसता बघितला, तर पाय गेला!"

झालं! दुसऱ्या पहाटेपासून शेठांच्या कुंपणाकडे एक काठी फिरकेना.

आणि बाग काय फुलली म्हणता! बोगनवेलीनं भिंत झाकली, टेकोमाच्या घंटा लोंबल्या, कर्दळीनं पेट घेतला. शेठ रोज सकाळी शोभाला हात धरून बाहेर आणत. "बघ, एक फूल कमी नाय! सगळ्या जनी शरमल्या गं, शरमल्या!"

शरमल्या कुठल्या! दूधवाला पिशवी फाटकावर अडकवून पळत होता. भांडीवाली देवाचा नवस फेडायचाय असं सांगून गेली ती गेलीच. शोभा हळदीचं आवतण द्यायला घरोघर फिरली, तर बायका दाराआडून "बघू" म्हणत आणि कडी लावून घेत. शेठांना वाटलं, बिचाऱ्यांना फुलं चोरल्याची लाज वाटतेय. मोठ्या मनानं ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि गरजले, "घाबरू नका! ज्यांनी हात लावला, त्या सगळ्यांना मी माफ केलाय!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

हळद दोन दिवसांवर आली आणि सखूबाईचा निरोप आला: त्या अंगणात मी धवला बोलनार नाय.

समीक्षा हातातला मोबाईल टाकून बापासमोर आली. तिचे डोळे भरले होते. "पप्पा, लोक काय बोलतायत माहितीय? तुमी करनी केलीत! अवसेला हाडं पुरलीत! माझ्या हळदीला कोन येनार नाय!"

"करनी? मी?" शेठ ओरडले. "अगो, ते खत होता!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच! पोरीला फुलं मिळाली, पण हळद लावायला हात उरले नाहीत. नुसत्या झाडांच्या मधे पोरीला बसवायचं? त्या विचारानं शेठांना रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्यांनी तिरीमिरीत बोगनवेलीची एक डहाळी तोडली, काट्यांनी बोटं फोडून घेतली, आणि सखूबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मावशी, चल गावदेवीकडं! कौल लावू! देवीला फूल चालत नसंल, तर सगळी झाडां आजच उपटतो!"

कौलापुढं कोण नाही म्हणणार? अर्धा गाव देवळात जमला. मुरगळल्या पायानं सखूबाई सगळ्यांच्या पुढं. पुजाऱ्यानं बोगनवेलीचं एक फूल पाण्यात बुडवून देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवलं, दुसरं डाव्या. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. साधा हिशोब.

पण बोगनवेल ती! पतंगाच्या कागदासारखी पातळ. ओली झाल्यावर जी चिकटली ती चिकटलीच. पुजाऱ्यानं दोनदा गाऱ्हाणं घातलं. पोरं पेंगली. भाताच्या वेळा टळल्या. ना उजवं हललं, ना डावं! शेठ डोळे मिटून पुटपुटत होते, "पड गं बाय, उजव्या अंगाला पड, माझ्या पोरीची हळद हाय!"

सखूबाईचं लक्ष मात्र हळूहळू दुसरीकडं गेलं होतं. एवढ्या जवळून तिनं तो रंग पाहिलाच नव्हता. काळ्या पाषाणावर ती राणी रंगाची फुलं काय शोभत होती! तिनं मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूनं तिरकी केली. आणि खरं सांगायचं तर समीक्षाला तिनं मांडीवर खेळवलं होतं, तिच्या हळदीला आपला गळा मुका राहणार म्हणून दोन रात्री तिचाही डोळा लागला नव्हता. शिवाय भूकही सपाटून लागली होती.

ती एकदम उठली आणि हात वर करून ओरडली, "अगो बायांनो! डोले हायेत का नाय तुमाला? देवीला फूल इतका आवडलाय, का ती सोडतच नाय!"

देवळात एकच कल्लोळ झाला. पुजाऱ्यानं नारळ फोडला, बायकांनी हात जोडले, आणि बुधाजी शेठांनी सखूबाईच्या पायावर लोटांगण घातलं. नेमकं मुरगळलेल्या पायावर! तिनं दिलेली शिवी देवीच्या दारात होती, म्हणून इथं लिहीत नाही.

हळदीच्या दिवशी शेठ उजाडताच बाहेर आले. अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. बोगनवेल नुसती काटेरी काड्यांची उरली होती. टेकोमाला एक घंटा नव्हती. कर्दळ बुंध्यापासून छाटलेली. दोन्ही शंकासुर बोडके!

"शोभाऽऽ! चोरली गं! सगळी चोरली!"

शोभा धावत आली. "अवो, मग रडतांव कशाला?"

"रडत नाय गं!" शेठ मिशीवरून ओघळणारं पाणी पुसत म्हणाले. "आयल्या त्या! पहाटे आयल्या! म्हंजे हळदीला पन येनार!"

आणि आल्या की! संध्याकाळी अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. समीक्षा पाटावर बसली होती. मागे बोडक्या काड्या, पण भोवती वेढा घातलेल्या प्रत्येक बाईच्या अंबाड्यात बोगनवेल, नाहीतर टेकोमाचा घोस! फोटोवाल्यानं कॅमेरा कुठूनही धरला तरी पोर फुलांच्या मधेच दिसत होती. सखूबाईनं खड्या आवाजात धवला उचलला आणि शेठांनी तोंड फिरवून उपरण्यात नाक शिंकरलं.

पहिला धवला संपला तसं सखूबाईनं त्यांना बोटानं जवळ बोलावलं. आता मावशी माफी मागणार, या खात्रीनं शेठ आधीच लाजत पुढं झाले.

"बुध्या, झाडां बेस आनलीस," ती म्हणाली आणि दोन्ही हात त्यांच्या नाकापुढं धरले. दहाही बोटं ओरबाडलेली. "पन हे काटे बघ! आमा म्हाताऱ्यांचा काय इचार? पुढच्या टायमाला मालूला सांग, बिनकाट्याची दे!"

"चुकलं, मावशी," बुधाजी शेठ म्हणाले, आणि नवरीच्या वाटीतली चिमूटभर हळद घेऊन तिच्या बोटांना लावायला बसले.

"नीट लाव रं," सखूबाई म्हणाली. "शेंड्याला चार कल्या ऱ्हायल्यात, उद्या पहाटे परत यायचाय मना!"