एक्केचाळिसावी जोडणी

रायकरकाकांनी तुमच्या हातात चहाचा कप दिला, तर तो नुसता घेऊन चालत नाही. "मिळाला" असं तोंडाने म्हणावं लागतं. तोवर काका कप सोडत नाहीत. एका बाजूने तुम्ही, दुसऱ्या बाजूने काका, मध्ये चहा निवतोय, आणि काका शांतपणे विचारतात, "पोच?"

मी हडपसरच्या आमच्या मालवाहतूक कंपनीत रुजू झाले, त्या दिवशी ह्या ओढाताणीत चहा माझ्या ओढणीवर सांडला. काकांनी लगबगीने फडकं आणून दिलं. तेही सोडेनात. शेवटी मी म्हणाले, "मिळालं हो." तेव्हा कुठे ओढणी पुसता आली.

निवृत्ती रायकर, राहणार धायरी, वय सत्तावन्न. घरच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, भाऊ आपापले फ्लॅट घेऊन वेगळे झाले, काका आईबरोबर तळमजल्यावर राहिले. लग्न केलं नाही. हे सगळं मला ऑफिसातल्या लोकांकडून कळलं, कारण लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची मला खोड आहे. माझी आई म्हणते, कर्वेनगरातल्या सगळ्या सोसायटीची खबर तुझ्याकडे असते, घरात मीठ संपलंय ते मात्र नसतं.

काकांचं काम जोडण्यांचं. आमचे ट्रक माल नेतात ते तुम्हाला रस्त्यावर दिसतं. आत मात्र कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलत असतात. कारखान्याचा आमच्याला सांगतो, माल तयार आहे. आमचा गोदामाच्या कॉम्प्युटरला सांगतो, गाडी निघाली. दोन कॉम्प्युटरांमधल्या ह्या बोलण्याच्या वाटेला जोडणी म्हणायचं. अशा जोडण्या काकांनी वीस वर्षांत एकहाती बांधल्या आणि जिन्याखालच्या एका जुनाट सर्व्हरवर सांभाळल्या.

त्यांचं तत्त्व एकच: "पाठवलं म्हंजे पोचलं न्हवं." पलीकडून पोच आल्याशिवाय ते जागचे हलत नसत. खेड्यापाड्यातल्या दुकानदारांकडे कुठला कॉम्प्युटर? त्यांच्यासाठी काकांनी मिस कॉलची सोय केली होती. गाडीचा मेसेज मिळाला की दुकानदाराने आमच्या एका नंबरावर मिस कॉल द्यायचा, की झाली पोच. सर्व्हरवर त्या मेसेजच्या ओळीपुढे हिरवा ठिपका यायचा. काका तो ठिपका नातवाचा फोटो बघावा तसे बघायचे.

गेल्या वर्षी साहेबांनी ठरवलं की सगळ्या जोडण्या नव्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर न्यायच्या आणि जिन्याखालचा सर्व्हर कायमचा बंद करायचा. काम माझ्या गळ्यात पडलं. सगळे म्हणाले, रायकर तुला सुखाने करू देणार नाही. मी कमरेला पदर खोचूनच गेले. काकांनी मात्र एकच विचारलं, "नवीन बी पोच घेतंय का?" मी दाखवलं. अर्धा तास चष्मा वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, "चालंल." एक नियम तेवढा त्यांनी साहेबांच्या सहीने करून घेतला. प्रत्येक जोडणीवरून एक चाचणीचा मेसेज जाणार, आणि पलीकडच्या माणसाने पोच दिली तरच ती जोडणी नव्या घरी जाणार. पोच नाही, तर जोडणी सर्व्हरबरोबर बंद.

मग महिनाभर काका फोनला चिकटलेले. एका कारखान्याच्या मॅनेजरला त्यांनी जेवणाच्या ताटावरून उठवलं. तो बिचारा घास गिळत "मिळालं, मिळालं" म्हणत होता, ते मला दोन टेबलं पलीकडे ऐकू आलं. "एकदाच म्हणा, दोन पोचा झाल्या तर घोळ होतो," असं काकांनी त्याला वर सुनावलं.

काकांच्या यादीत चाळीस जोडण्या होत्या. शेवटच्या आठवड्यात मी सर्व्हर उघडून मोजल्या, तर एक्केचाळीस. जास्तीच्या जोडणीचं नाव होतं 'घर'.

मला राहवेना. आत बघितलं, तर रविवार सोडून रोज सकाळी सव्वानऊच्या सुमारास एक मेसेज एकाच मोबाइलवर जात होता. आधीची कित्येक वर्षं सगळे ठिपके हिरवे. आणि गेली तीन वर्षं एकजात लाल. तीन वर्षांत एकही पोच नाही! चहाच्या कपाची पोच न सोडणारा माणूस आणि त्याच्याच सर्व्हरवर हे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. कोण असेल? बुडालेलं गिऱ्हाईक? काकांचं एखादं जुनं प्रकरण? मी मनातल्या मनात दोन-तीन कादंबऱ्या रचल्या.

काकांना आडून विचारलं. "जुनी हाय. राहू द्या," म्हणाले. ताकास तूर लागू देईनात. शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद व्हायचा होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी सरळच म्हणाले, "काका, उद्या ती जोडणी बंद होईल. कोणाची आहे ते सांगा, मी लगेच हलवते."

काकांनी डबा बंद केला. झाकण नीट बसलं का ते दोनदा बघितलं.

"आईची," म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. धायरीहून हडपसरला काका गाडीवर यायचे. मुलगा पोचल्याचं कळेपर्यंत आई तव्यावर भाकरी टाकायची नाही. फोन करायचा तर सकाळी गाड्या सुटायची घाई, काका विसरायचे, आणि म्हातारी दुपारपर्यंत उपाशी. म्हणून काकांनी गेटवरच्या हजेरीच्या मशीनलाच जोडणी लावली. इकडे कार्ड टेकवलं, की तिकडे मेसेज, 'निवृत्ती पोचला.' आईला वाचता येत नव्हतं, पण फोन वाजला की समजायची. मिस कॉल द्यायची आणि तवा ठेवायची. दुकानदारांच्या मिस कॉलची कल्पना काकांना त्यावरूनच सुचली होती.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. फोन अजून फळीवर चार्जिंगला लावलेला असतो. संध्याकाळी घरी गेल्यावर काका बघतात. मेसेज आलेला असतो.

मला माझ्या कादंबऱ्यांची लाज वाटली. डोळे भरून आले होते, म्हणून मी घाईघाईने म्हणाले की ही जोडणी मी नेणारच. फोन तुमच्याच घरी आहे, एक मिस कॉल तुम्हीच द्या, झाली पोच. कोणाला काय कळतंय?

काकांनी मान हलवली. "आपणच पाठवायचं न् आपणच पोच द्यायची? ही लबाडी झाली, मॅडम. तिकडनं पोच यायची न्हाई. नेमात बसत न्हाई."

शनिवारी संध्याकाळी सर्व्हर त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. त्याच्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि साहेबांना कळवलं, चाळीस गेल्या, चाळीस पोचल्या.

सोमवारी सव्वानऊला खिडकीतून मला काका गेटवर दिसले. त्यांनी कार्ड टेकवलं आणि मशीनपुढे उगाच उभे राहिले. मागे रांग झाली तरी हलेनात. मला ते बघवेना. मी मोबाइल काढला, त्यांना फोन लावला आणि एक रिंग होताच तोडला.

वर आल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, चुकून लागला काय?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही पोचल्याची पोच."

काका वळले. जाऊन चहा घेऊन आले आणि कप माझ्या हातात दिला. मी "मिळाला" म्हणायच्या आतच सोडला. पुन्हा ओढणीवर सांडला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला माझ्या मोबाइलवर मेसेज आला, 'पोचलो'. कुठल्या मशीनने पाठवलेला नव्हता, काकांनी स्वतः टाइप केलेला होता. मी मिस कॉल दिला. आता हे रोजचंच झालंय.

परवा रविवारी मी घरी कांदा चिरत होते. बरोबर सव्वानऊला फोन वाजला. हात पुसून बघितलं.

'आज कुटं गेलो न्हाई. घरीच हाय.'

मी सुरी खाली ठेवली आणि मिस कॉल दिला.