चुकीच्या पत्त्यावरची तीन पत्रं

पेणजवळच्या जोहे गावच्या जनूभाऊ म्हात्र्यांनी ते ई-मेलचं पत्र उघडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि बायकोनं, इंदुबाईनं, नुकताच चहा आणून ठेवला होता. पत्र कुणाचं ते ठाऊक नव्हतं. वर इंग्रजीत 'तुमच्यासाठी फुलं' एवढंच लिहिलेलं आणि खाली एक फाईल जोडलेली. जनूभाऊंनी माऊसचं बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेवरून एक गुलाबी पाकळी सुटली आणि हेलकावे खात खाली येऊ लागली. तिच्या मागून एक पिवळी आली, मग एक फिक्कट जांभळी, आणि मग मोजणं सुटलं.

जनूभाऊ बघत राहिले. आजवर हजारो गणपतींचे डोळे त्यांनी आखले होते, पण असला जांभळा रंग त्यांच्या वाटीत कधी उतरला नव्हता. पाकळ्या पडद्याच्या तळाशी साचत होत्या, वाऱ्यानं हलल्यासारख्या सरकत होत्या. शेजारी मोडेमचा लाल दिवा भराभरा लुकलुकत होता, पण फुलं पडत असताना दिव्याकडे कोण बघणार? चहावर जाड साय धरली.

"काय बघताय एवढं?" इंदुबाईनं दारातून विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत शाडूनं माखलेले होते.

"फुलं पडतायत गो."

"कुणी धाडली?"

"ठाऊक नाय. कुणी तरी चांगलाच माणूस असंल."

इंदुबाईनं वाकून पाहिलं. "आणि केर कोण काढणार?" असं म्हणून ती परत मूर्तींच्या कारखान्यात गेली.

हा कॉम्प्युटर म्हात्र्यांच्या घरात येऊन सहा महिने झाले होते. नव्व्याण्णव साल होतं. मॉरिशसच्या एका मंडळाला जनूभाऊंच्या मूर्ती आवडल्या होत्या, आणि गेल्या वर्षी मूर्ती बघून गेलेले मंडळाचे सेक्रेटरी गोविंदाजी यांचं म्हणणं असं की पोस्टानं पत्र यायला महिना लागतो, तेव्हा आपण ई-मेलनं बोलू. इंदुबाईच्या भावानं, निलेशनं, कॉम्प्युटर आणून दिला. तो रोह्याजवळ वरश्याला राहायचा आणि कंपनीत कामाला होता. शिकवायला पेणच्या कॉम्प्युटर क्लासमधली उजमा आली. पोरगी हुशार. तीन दिवसांत तिनं जनूभाऊंना सगळं दाखवलं आणि जाताना दोन नियम घालून दिले.

"काका, अनोळखी माणसाचं पत्र उघडायचं नाय. आणि त्याला फाईल जोडलेली असली तर मुळीच हात लावायचा नाय. व्हायरस येतो."

"अगो पण, दारात माणूस आला तर आपण आधी पाणी देतो, मग कोण म्हणून विचारतो."

"ते दारात, काका. हे वेगळं."

जनूभाऊंना ते काही वेगळं वाटलं नाही. परगावाहून, परदेशाहून रोज चार-पाच पत्रं येत आणि प्रत्येकाला उत्तर देणं त्यांना रीतीचं वाटे. अमेरिकेतली कुणी बाई रोज विचारायची, तीस दिवसांत वजन कमी करायचंय का? जनूभाऊंनी तिला सविस्तर लिहिलं होतं की आमच्याकडं त्यासाठी मिठागरं आहेत, एक हंगाम फावडं मारायला या, जेवायची सोय करू. त्यानंतर तिची पत्रं दिवसाला तीन येऊ लागली. 'बाईला ओढ लागली,' असं त्यांना वाटलं.

उजमानं आणखी एक सांगितलं होतं: बोटं वळायची असतील तर रोज काही तरी टाइप करा. म्हणून जनूभाऊ रोज दुपारी इंग्रजी अक्षरांत मराठी पत्रं लिहीत. कुणाला पाठवायची नसल्यामुळे मनात येईल ते लिहीत. पत्रावर नाव घालत नसत, कारण ज्याला लिहायचं तो माणूस डोळ्यांपुढे असताना नाव कशाला हवं? फक्त देवाला तेवढी हाक मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. अशी तीन पत्रं लिहून झाली होती.

फुलं पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी निलेशचा फोन आला. इंदुबाईनं उचलला.

"ताई, दाजी बरे हायत ना?"

"का रे? समोर हायत. बसलेत खिडकीत बघत."

"मला त्यांचं पत्र आलंय कंपनीत. 'बाप्पा' म्हणून हाक मारलीय. लिवलंय, यंदा तुझं पोट जरा जास्तच सुटलंय, पण शोभतं तुला. कानांना भोकं पडू देऊ नको. आणि विचारलंय, तुझा उंदीर कुठं हाय?"

"मग?"

"मग काय? आमच्या साहेबांनी प्रिंट काढून बोर्डावर लावलं. फर्स्ट शिफ्टवाल्यांनी माझ्या टेबलावर दुर्वा ठेवल्या. एक जण तर पाया पडून गेला!"

इंदुबाईनं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही निलेशला उंदीर विचारलात?"

जनूभाऊंचा चेहरा शाडूसारखा पांढरा पडला. ते पत्र त्यांनी बाप्पाला लिहिलं होतं. ते निलेशकडे गेलं कसं?

पेणहून दुपारच्या गाडीनं उजमा आली. तिनं कॉम्प्युटर सुरू केला, पाकळ्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"काका, फाईल उघडलीत ना?"

"फुलं होती गो पोरी."

"फुलं कसली! व्हायरस हाय हा. तुम्ही फुलं बघत बसलात आणि यानं मागच्या दारानं तुमची पत्रं उचलली आणि पत्त्यांच्या वहीत जे जे होते त्यांना एकेक धाडून दिलं."

"ज्याचं त्याला?"

"त्याला काय कळतंय, कुठलं कुणाचं? हाताला लागंल ते धाडलं." उजमानं बॅगेतून फ्लॉपी काढली. "मी साफ करते. पण गेलेलं पत्र परत नाय येत. वहीत पत्ते किती होते?"

ओळखीतले तीनच होते. निलेश, मॉरिशसचे गोविंदाजी आणि बहारीनला असलेला मुझम्मिल, जनूभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त.

"आणि पत्रं तीन. एक बाप्पाचं. दुसरं कुणाचं होतं?" इंदुबाईनं विचारलं.

जनूभाऊंनी आवाज खाली आणला. "निलेशला लिवलेलं. सरावाचं गो, मनातलं. की तू न सांगता बरोबर जेवायच्या टायमाला उगवतोस. आणि वाळलाय का बघायला ओल्या रंगाला बोट लावतोस. मागच्या खेपेला एका मूर्तीच्या गालावर तुझं बोट उमटलं."

"आणि तिसरं?"

जनूभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कापलेल्या भातशेतात एक बगळा उभा होता. "तिसरं असंच. काय नाय त्यात."

उजमानं मनात हिशेब केला. निलेशचं पत्र एक तर मॉरिशसला गेलं असणार, नाही तर बहारीनला. ते मॉरिशसला गेलं असेल तर फार वाईट झालं होतं. पुढच्या आठवड्यात त्या मंडळाच्या मूर्ती बोटीवर चढायच्या होत्या. चार महिने घरातल्या प्रत्येकाचे हात त्यात गेले होते, आणि गोविंदाजींचं 'पाठवा' हे शेवटचं पत्र अजून आलेलं नव्हतं.

रविवारी निलेश रोह्याहून गाडीनं पेणला उतरला आणि जेवणाच्या ताटावर येऊन बसला. तो भांडायलाच आला होता, पण इंदुबाईनं जिताडं, त्याचा आवडता मासा, तळलं होतं, त्यामुळे भांडण जेवणानंतरवर गेलं. उजमा सकाळपासून दुसऱ्यांदा सगळं तपासत बसली होती. एकाएकी ती ओरडली, "काका, मॉरिशसचं पत्र आलंय!"

सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. उजमा वाचू लागली. गोविंदाजी मराठी शिकले होते ते मॉरिशसच्या शाळेत, पुस्तकातून.

"'परमपूज्य मूर्तिकार महोदय, आपले कठोर परंतु न्याय्य पत्र प्राप्त झाले. वाचून माझी मान खाली गेली. गतवर्षी आपल्या गृही मी पूर्वसूचना न देता भोजनसमयी आलो, हे सत्य आहे. मत्स्याचे सहा तुकडे मी भक्षण केले, हेही सत्य आहे.'"

"सहा?" निलेश तोंडातला घास गिळत म्हणाला.

"'ओल्या रंगास तर्जनी लावण्याचे पातक मजकडून कुणी पाहत नसताना घडले, असे मी समजत होतो. आपण पाहिलेत आणि एक वर्ष मौन राखलेत, यातच आपले मोठेपण आहे. मी क्षमा मागतो. मूर्ती पाठवाव्यात. यापुढे मी हात पाठीमागे बांधून येईन.'"

जनूभाऊंनी डोळे मिटून घेतले. ज्याला लिहिलं त्याला सोडून पत्र भलत्याच माणसाला लागू पडलं होतं.

"बघा!" निलेश उठत म्हणाला. "शिकलेली माणसं, आणि वागायची अक्कल नाय! लोकांच्या घरी न सांगता जेवायला जायचं म्हणजे काय? बरं केलंत दाजी, चांगलं सुनावलंत." बोलता बोलता तो कारखान्याच्या दाराशी पोचला, पहिल्या मूर्तीच्या सोंडेला त्यानं बोट लावलं आणि बोटाकडे बघून म्हणाला, "अजून ओलाच हाय."

इंदुबाईला हसू आवरेना. ती पदर तोंडात धरून आत पळाली. आणि तेवढ्यात फोन वाजला.

जनूभाऊ उठेपर्यंत इंदुबाईनं तो उचलला होता. बहारीनहून मुझम्मिल बोलत होता. दर्यातल्या कामावरून तो तीन दिवसांनी किनाऱ्यावर आला होता.

"वयनी, खरं सांगा. जन्याला डाक्तरनं काय सांगितलंय?"

"काय नाय. ठणठणीत हायत. जेवले आत्ताच."

"मग हे असलं का लिवतो मला? मी वाचलं नि हा माणूस चालला, असं वाटलं."

"काय लिवलंय?"

"वाचतो, ऐका. 'सकाळी तू ओले केस मोकळे सोडून बसतेस तेव्हा मला हाक मारवत नाही.' वयनी, माझं टक्कल पडून धा वर्सं झाली!"

मुझम्मिलचा आवाज रिसिव्हरबाहेर खोलीभर ऐकू येत होता. जनूभाऊ दोन पावलं पुढे आले, मग तिथंच थांबले.

"पुढं ऐका. 'शाडू मळताना तू गुणगुणतेस. मी आत आलो की थांबतेस. म्हणून मी दाराबाहेरच उभा राहतो. लोकांना वाटतं हा स्वप्नात असतो. असू दे. आत आलो तर गाणं बंद होईल.' आता वयनी, मी हेल्मेट घालून पाइपलाईनवर काम करतो. मी कधी गुणगुणलो? हलो? वयनी?"

"हाय मी," इंदुबाई म्हणाली. "मुझम्मिलभाय, ते पत्र तुमचं नाय. चुकून आलंय."

"मग कुणाचं?"

इंदुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, कानाच्या पाळीला सोनेरी रंग लागलेला, चोरी पकडल्यासारखा उभा. "हाय एकीचं," ती म्हणाली. "तुम्ही जरा परत वाचा बघू. पहिल्यापासनं. सावकाश."

मग मुझम्मिल हसला, आणि त्यानं ते पत्र परत वाचलं, ह्या वेळी अगदी हळू, जणू पोस्टमनचीच नोकरी करत असल्यासारखं. निलेश दारात उभा राहून बोटाचा रंग विजारीला पुसत होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण बोलण्याची ही वेळ नव्हे एवढं कळलं होतं.

संध्याकाळी जाताना उजमानं नियम परत बजावले. "काका, आता सगळं साफ हाय. व्हायरस गेला. तुमची पत्रं आता बाहेर जाणार नायत."

"जाणारच नायत?" इंदुबाईनं विचारलं.

"नाय काकी. बिनघोर राहा."

इंदुबाई घोटाळली. हात पुसले, पुन्हा पुसले. "मग असं कर ना गो, मला पण एक पत्ता काढून दे. दहावीपर्यंत शिकलीय मी, इंग्रजी अक्षरं येतात."

"तुम्हाला कोण पत्र धाडणार, काकी?"

"ते बघू," इंदुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मूर्ती पेंढ्यात बांधून ट्रकमध्ये चढल्या आणि घर एकदम रिकामं झालं. उन्हं कलल्यावर जनूभाऊ कॉम्प्युटरपुढे बसले. वहीत आता चौथा पत्ता होता. त्यांनी लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. वाचणारं माणूस भिंतीपलीकडे बसलंय म्हटल्यावर बोटं जड झाली. ज्या माणसानं अमेरिकेतल्या अनोळखी बाईला दोन पानं लिहिली, त्याला एक ओळ सुचेना. दोन तासांनी त्यांनी जे काही जमलं ते पाठवून दिलं आणि घाईघाईनं अंगणात निघून गेले.

इंदुबाई येऊन बसली. उजमानं दाखवल्याप्रमाणे तिनं पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'आज भाजी चांगली झाली होती.'

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, तिनं उत्तर टाइप केलं आणि धाडून दिलं.

'भाजीत मीठ नव्हतं. परत लिवा.'