रेणूंची परेड

"काका, ह्या काचेवरचं कुठं गेलं?" अरिबाचा आवाज चिरकला.

"डाग व्हय? पुसला की!" पलटणीतून निवृत्त होऊन प्रयोगशाळेत शिपाई झालेले धनाजीकाका छाती काढून म्हणाले. "मोठ्या मॅडम यायच्यात, आन काच अशी चिकाट? शोभतंय व्हय?"

अरिबा मटकन स्टुलावर बसली. तो डाग म्हणजे तिची चार वर्षं होती हो! सांगलीच्या एका कॉलेजात ती काचेवर रेणूंचा पातळ थर द्यायची आणि ते एका ओळीत बसावेत म्हणून जीव टाकायची. खास सूक्ष्मदर्शकाखाली ओळीतले रेणू झळकतात, सैरभैर असले तर नुसता अंधार. तिचे मेले कायम अंधारात! आज काही दिसलं नाही, तर मुदतवाढ गेली आणि पीएचडीही गेली.

तेवढ्यात तपासणीला विजयमाला मगदूम मॅडम आल्याच. दुसरी काच तयार नव्हती. अरिबानं पुसलेलीच लावली आणि मनातल्या मनात दुवा मागितली.

मॅडम वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत. मग त्यांनी काच हळूहळू फिरवली. "अगं बाई! सगळी फिल्म एकदम उजळतेय, एकदम विझतेय. एक रेणू वाकडा नाही! केलंस कसं?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "मी नाही मॅडम. काकांनी फडक्यानं पुसलं."

"घासून रेणू ओळीत येतात, ठाऊक आहे. पण इतके? काका, माझ्यासमोर करा."

अरिबानं घाईघाईनं दोन काचांवर नवा थर दिला. आता हा डाग लाखमोलाचा आहे, हे काकांना कळलं होतं. तान्ह्या लेकराचं तोंड पुसावं तशी त्यांनी पहिली काच पुसली. सूक्ष्मदर्शकात काळाकुट्ट अंधार.

अरिबाचं डोकंच फिरलं. "अहो काका, पलटणीत हेच शिकवलं का तुम्हाला?"

काकांचे कान लालबुंद झाले. "पलटणीचं नाव काढू नगा! सतरा वर्सं सायबांचं बूट चमकवल्यात म्या!" दुसऱ्या काचेवर फडकं एकाच दिशेनं सपासप फिरलं आणि काच अशी झळकली, की मॅडमनी तिथल्या तिथं मुदतवाढीवर सही ठोकली.

"फक्त खात्रीसाठी अशाच पन्नास काचा पाठव," जाता जाता त्या म्हणाल्या.

अरिबा चाचरत काकांकडं वळली. ते अजून धुमसत होते.

"पन्नास काय, शंभर करू," ते म्हणाले. "पर पलटणीला बोलायचं न्हाई. राग आणायला लागलाच तर माज्या गावाला नावं ठेवा."

"कुठलं गाव तुमचं?"

"रहिमतपूर. जरा जपून हां ताई," म्हणत काकांनी फडकं घट्ट धरलं.