लाईटवर चालणारी घड्याळं

"महिन्याभरात कळमनुरीच्या घड्याळांनी एकच वेळ नाही दाखवली तर नावाचा अमरसिंग न्हाई!"

वीज खात्यातल्या कनिष्ठ अभियंता अमरसिंगांनी ही गर्जना केली दोन हजार पाच साली, भर बस स्टँडवर, हैदरच्या चहाच्या टपरीसमोर. बारा वर्षं त्यांची बढती आज येते, उद्या येते करत होती. आता हिंगोलीहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. काहीतरी नवं दाखवलं की खुर्ची पक्की! म्हणून त्यांनी स्टँड, शाळा आणि कचेरी, तिन्हीकडे थेट लाईनीवर चालणारी घड्याळं बसवली. सेल नाही, चावी नाही!

"अन् लाईट गेल्यावर वो?" बायको रीतानं विचारलं.

"खातं माझं, अन् तू मला इचारून राहिलीस?"

लाईट गेली. तिन्ही घड्याळं एकदम थांबली. आली, तशी एकदम सुटली. एकमेकांशी तंतोतंत सारखी आणि तिन्ही चूक! अमरसिंगांनी फटफटी काढली. स्टँडचं लावून शाळेत पोचतात तोवर पुन्हा लाईट गायब! एक बरोबर करावं तर उरलेल्या दोघांशी त्याचं जमेना. बिचारे रडकुंडीला आले.

पाहणीच्या आदल्या दुपारी मात्र देव पावला. बाराच्या सुमाराला तिन्ही बरोबर लागली. आता एकच दिवस निभावला की झालं!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मनगटावर बारा, स्टँडच्या घड्याळात सहा!

"हे काय, अमरसिंग?"

आपल्या माणसाची फजिती हैदरला बघवेना. तो कपबशी ठेवून धावला.

"साहेब, घड्याळ एकदम बराबर हाय! काल बाराला लावलं, काटा सहाच तास पुढं गेला. म्हंजे लाईट सहाच तास व्हती! लई इमानदार घड्याळ हाय!"

आठच दिवसांपूर्वी साहेबांनी भाषणात रोज बावीस तास वीज देतो म्हणून सांगितलं होतं. स्टँडवर टाळ्यांचा कडकडाट झाला. अमरसिंगांना धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

घड्याळं त्याच दिवशी उतरली. बढतीचा कागद आलाच नाही, बदलीचा मात्र आठवड्यात आला.

निरोपाला हैदरनं डोळे पुसत एक जुनं, चावीचं घड्याळ हातात दिलं.

"ठिवा साहेब. याला तुमच्या खात्याची काही तकलीफ न्हाई."

जीपमध्ये बसल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, अमरसिंगांनी गुपचूप घड्याळाला चावी दिली.