जुने आवाज पकडणारे यंत्र

उमरेडच्या गिरिधर वांढरे याचा उजवा हात १९८३ च्या ऑगस्टात मोडला, त्यात तोट्यापेक्षा लाभच जास्त होता. हे आधीच मांडून ठेवलेले बरे, म्हणजे पुढे कोणी संस्थेवर ठपका ठेवणार नाही.

एक तर प्रा. महादेवराव काळमेघ यांच्या तासाला लिहिण्यापासून त्याची सुटका होणार होती. महादेवराव अर्थशास्त्र शिकवीत नसत, सांगत असत. "भांडवलनिर्मिती, स्वल्पविराम, ही विकासाची जननी होय, पूर्णविराम, नवा परिच्छेद." नव्या परिच्छेदापर्यंत वर्गातल्या एकाही मुंडीने वर पाहिलेले नसे. कित्येकांनी पदवी घेतली, पण महादेवरावांना मिशा आहेत की नाहीत हे त्यांना सांगता येत नसे. गिरिधरला त्या आता निवांत पाहता येणार होत्या. शिवाय भिवापूरच्या रामाजीमामाने आपला टेपरेकॉर्डर त्याला देऊ केला होता. म्हणजे टिपणे यंत्र घेणार, आणि तीही स्वल्पविरामांसकट. ही टिपणे महत्त्वाची होती. जानेवारीतली टेस्ट महादेवराव स्वतः काढत आणि स्वतः तपासत. उत्तर त्यांच्या टिपणाबरहुकूम नसेल तर गुण नाहीत, आणि टेस्टमध्ये पास नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म कॉलेजातून पुढे जात नसे. आणि पदवी जूनपर्यंत हाती आली, तर उमरेडच्या खाणीच्या ऑफिसात एक जागा होती. तसे मोठ्या साहेबांनी गिरिधरच्या बापाला तोंडी सांगितले होते.

हात मोडण्याचे कारणही अगदी सार्वजनिक होते. स्टँडवर नागपूरची गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपली रीत. गिरिधरने रुमाल टाकला. रुमाल सीटवर पोचला, पण हात बाहेर निघायच्या आत ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. जागा मात्र मिळाली. त्याच जागेवर बसून तो नागपूरच्या दवाखान्यात गेला.

प्लॅस्टर घालून तो वर्गात आला, टेपरेकॉर्डर बाकावर ठेवला आणि डाव्या हाताने बटण दाबले. बटणाचा 'खट्' असा आवाज झाला. महादेवरावांनी 'जननी' अर्ध्यावर सोडली.

"हे काय आहे?"

"टेपरेकॉर्डर, सर. हात मोडला म्हणून—"

"हात तुमचा मोडला. मग आवाज माझा का नेता?"

वर्ग हसला. महादेवरावांना आपण विनोद केला हे हसण्यावरून कळले, तेव्हा ते आणखी गंभीर झाले. "मी वीस वर्षे या वर्गाशी बोलतो आहे. यंत्राशी बोलायची माझी नेमणूक नाही. प्राचार्यांची लेखी परवानगी आणा."

त्या काळात नवविदर्भ ज्ञानवर्धक महाविद्यालयाचे प्राचार्य वामनराव देवतळे होते. त्यांनी नियमांचे पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळले. त्यात गुलेल, बासरी आणि सायकलचा पंप वर्गात आणण्यास मनाई होती. टेपरेकॉर्डरचा उल्लेखच नव्हता.

"म्हणजे मनाई नाही न, सर?" गिरिधरने विचारले.

"मनाई असती तर सोपे होते. मनाईला अपवाद करता येतो. जिथे मनाईच नाही, तिथे परवानगी कशातून देऊ?" वामनराव म्हणाले. "रीतसर अर्ज करा. बघू."

अर्ज हेडक्लार्क भैयाजींकडे द्यायचा होता. भैयाजी माणूस मायाळू. विद्यार्थ्याचे काम अडले की त्यांना मनापासून वाईट वाटे, आणि ते वाटून झाल्यावर ते डबा उघडत.

"अर्ज स्वहस्ताक्षरात पाहिजे, बावा."

"भैयाजी, हात मोडला म्हणूनच तं अर्ज करून राहिलो."

"डावा तं शाबूत आहे नं? तो काय शेजाऱ्याचा आहे? तुहाच आहे. लिही मंग."

गिरिधरने जीभ दाताखाली धरून डाव्या हाताने अर्ज लिहिला. अक्षरे पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखी झाली, पण वाचता येत होती. आणि तिथेच त्याचे चुकले.

अर्जावर विचार करण्यासाठी 'वैयक्तिक ध्वनियंत्र (टिपणविषयक) नियंत्रण समिती' नेमली गेली. अध्यक्ष प्राचार्य, सचिव भैयाजी, आणि बाधित व्यक्ती तथा तज्ज्ञ म्हणून महादेवराव. पहिल्या बैठकीत समितीने अर्ज वाचला आणि नोंद केली की, ज्याअर्थी अर्जदाराने हा अर्ज डाव्या हाताने सुवाच्य लिहिला आहे, त्याअर्थी त्यास लिहिता येत नाही हे म्हणणे तपासून घ्यावे लागेल. गिरिधरने दवाखान्याचा दाखला आणला. दाखल्यात उजवा हात मोडल्याचे लिहिले होते. डाव्याबद्दल डॉक्टरांनी काहीच लिहिले नव्हते, म्हणून दाखला परत गेला. डाव्या हाताने लिहिता येत असले तरी महादेवरावांच्या वेगाने येत नाही, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे, अशी समितीची अपेक्षा होती. डॉक्टरांनी महादेवरावांना कधी ऐकलेले नव्हते.

दुसऱ्या बैठकीत यंत्राची पाहणी झाली. आता रामाजीमामाचे भिवापूरला मिरचीचे दुकान. यंत्र वर्षानुवर्षे मिरचीच्या पोत्यांवर बसून भजने गात आलेले. महादेवरावांनी कॅसेटचे झाकण उघडून आत फुंकर मारली. त्यानंतर बराच वेळ समितीला बोलता आले नाही. प्राचार्य शिंकत व्हरांड्यात गेले, भैयाजी शिंकत डब्याकडे गेले, आणि महादेवराव डोळ्यांना रुमाल लावून जागीच म्हणत राहिले, "हा घातपात आहे." बैठक तहकूब झाली. इतिवृत्तात कारण लिहिले गेले : 'सदस्यांच्या भावना अनावर झाल्यामुळे.'

यात दसरा गेला, दिवाळी गेली, आणि परवानगी आली. ती सशर्त होती. यंत्र ऑफिसच्या कपाटात राहील. तासापुरते सही करून न्यावे. यंत्राने फक्त अभ्यासक्रमातला आवाज घ्यावा. सर रागावल्यास, खोकल्यास अथवा विनोद केल्यास ते बंद करावे. भरलेली कॅसेट समितीने ऐकून प्रमाणित केल्याशिवाय विद्यार्थ्यास मिळणार नाही. आणि शेवटी : एकाच विद्यार्थ्यास एकाच तासाला दोन मार्गांनी टिपणे घेण्याचा दुहेरी लाभ देता येणार नाही, सबब यंत्रधारकाने हाताने लिहू नये.

परवानगी गिरिधरने उजव्या हातात घेतली, कारण प्लॅस्टर आदल्याच आठवड्यात निघाले होते.

"भैयाजी, आता मले हे नाही पाहिजे. हात बरा झाला. मी लिहितो न आता."

भैयाजींच्या चेहऱ्यावर खरेच दुःख दिसले. "काहून असा बोलते गा? तीन जणांनी बसून मंजूर केलं. तू आता पेन धरला तं दुहेरी लाभ होते."

"मंग यंत्र रद्द करा."

"समितीनं देल्लं ते समितीच रद्द करन. बैठक लावावी लागते. अर्ज दे." त्यांनी फाइल पुढे ओढली. "स्वहस्ताक्षरात. पण उजव्यानं लिहू नोको. तो हात अजून आमच्या फायलीत मोडलाच आहे."

तेव्हा गिरिधर यंत्र घेऊन वर्गात बसू लागला. पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली सापडली नाही, दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, पुढे महादेवराव पेपर तपासायला बाहेरगावी होते. तास झाले तेव्हा यंत्र नव्हते, यंत्र होते तेव्हा तास नव्हता. यंत्राविना झालेल्या तासांना त्याने पेन काढले की महादेवराव थांबत. "वांढरे, लेखणी खाली ठेवा. तुम्हाला यंत्र मंजूर आहे." अखेर डिसेंबरात एक दिवस असा उगवला, की किल्ली, वीज, महादेवराव आणि कोरी कॅसेट एका छताखाली आली. 'भारतीय नियोजन' हे संपूर्ण प्रकरण टेप झाले. कॅसेट समितीपुढे गेली.

समितीने ती ऐकायला घेतली. गिरिधर अर्जदार म्हणून दाराशी उभा होता. यंत्रातून महादेवरावांचा आवाज खणखणीत आला : "सध्या चालू असलेली तिसरी पंचवार्षिक योजना, स्वल्पविराम—"

प्राचार्यांनी बटण दाबले. देशात त्या वेळी सहावी योजना चालू होती, आणि तीही संपत आली होती.

"महादेवराव, तिसरी?"

"मी तिसरी कशी म्हणेन, सर? तिसरी संपून जमाना झाला."

"पण आवाज तर तुमचाच आहे."

महादेवरावांनी डोळे मिटून आवाज पुन्हा ऐकला. "माझाच आहे," ते हळूच म्हणाले, "पण तरुणपणचा वाटतो."

भैयाजी लगेच मदतीला धावले. "हो साहेब. नवीन लागले होते न सर, तवाचाच आवाज आहे हा. मी वळखला."

"सर," गिरिधर दारातून म्हणाला, "मी वर्गातच होतो. मीबी तिसरीच ऐकली."

"तुम्ही यंत्राला लागूनच बसला होता ना?" प्राचार्यांनी विचारले. "मग तेच ऐकू येणार."

"मंग वर्गातल्या कोणाचीबी वही पाहा न सर. सगळ्यांनी लिवून घेतलं आहे."

ही सूचना इतकी सोपी होती, की ती नाकारणे समितीलाही जमले नाही. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन वह्या मागितल्या. त्या दिवशी झाडून साऱ्या वर्गाच्या वह्या घरी राहिल्या होत्या.

अहवाल झाला. 'प्रा. काळमेघ यांनी सदर तासाला, प्रचलित शासकीय धोरणास अनुसरून, सहावी योजनाच शिकविली. यंत्र जुने आवाज पकडते, हा दोष यंत्राचा आहे. यंत्र पुरावा म्हणून जप्त करण्यात यावे.' अहवालाची एक प्रत गिरिधरला मिळाली.

जानेवारीत टेस्ट झाली. प्रश्न होता : 'सध्या चालू असलेल्या पंचवार्षिक योजनेचे विवेचन करा.' टेस्टपुरता उजवा हात वापरायला भैयाजींनी तोंडी हरकत घेतली नव्हती. गिरिधरच्या कानांत तिसरी होती, पण खिशात अहवाल होता. सही-शिक्क्याचा. त्याने सहावी लिहिली. ग्रंथालयात बसून अभ्यास केला होता, आकडेही बरोबर होते.

महादेवरावांनी शून्य दिले. समासात शेरा मारला : 'टिपणांशी विसंगत.'

गिरिधर अहवाल घेऊन धावत गेला. "सर, यात लिवलं आहे न, तुम्ही सहावी शिकवली म्हणून!"

"बरोबर लिहिले आहे," महादेवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग मुळीच नव्हता. "पण तो अहवाल यंत्राबद्दल आहे. उत्तरपत्रिकेबद्दल नाही."

फॉर्म गेला नाही. बाकी वर्गाने तिसरी लिहिली होती. बाकी वर्ग पास झाला.

फेब्रुवारीत मिरचीचा हंगाम भरात असताना रामाजीमामा दुकान बंद ठेवून यंत्र न्यायला आला. भैयाजींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि यंत्र देता येत नाही असे सांगितले.

"काहून गा? काय बिघडलं त्याले?"

"जुने आवाज पकडते, मामाजी. समितीनं ठरवलं."

मामाने कपाटाच्या काचेतून यंत्राकडे बोट केले. "दुकानात पाच वर्सं होतं. माहा बुढा त्याच गादीवर बसून जिंदगीभर गिऱ्हाइकाले शिव्या देत मेला. जुना आवाज पकडते तं त्याचा एक शब्दबी काहून नाही पकडला गा?"

भैयाजींनी फायलीत पाहिले. तशी काही नोंद नव्हती.

आता शेवटची बेरीज. महादेवराव त्याच समितीचे कायम सदस्य झाले, आणि तिसरी योजना त्यांच्या वर्गात पुढेही चालू राहिली. प्राचार्यांना नियमांच्या पुस्तकात गुलेल, बासरी आणि पंपानंतर एक नवी ओळ घालता आली. भैयाजींचे कपाट भरले. मामाची भजने बंद झाली. खाणीच्या ऑफिसातली जागा जूनमध्ये भरली गेली. याच वर्गातल्या एकाने भरली. गिरिधरचे वर्ष गेले. पुढल्या वर्षी तो पुन्हा बसला नाही. आता मामाच्या दुकानात मिरची तोलतो, उजव्या हाताने.

एवढे वाचताना तुम्ही मधेच केव्हातरी म्हणाला असाल, की काय बावळट पोरगा हो! टेपरेकॉर्डर, अर्ज, समिती, एवढे कशाला? वर्गातल्या कोणाची तरी वही मागून घ्यायची, रात्रीतून उतरवून काढायची. काम झाले असते.

मागितली होती. हात मोडून तो वर्गात आला त्या पहिल्याच दिवशी, टेपरेकॉर्डरचे बटण दाबायच्या आधी, त्याने शेजारच्या बाकावर मागितली होती.

तुम्ही म्हणाला होता, "उद्या आणतो."